निकषांत निम्मे मार्क, पोर्टलवर मात्र नापास! ऑनलाइन कोर्समधलं रुब्रिकचं गणित समजून घ्या

चार निकष, प्रत्येकाला १ ते ४ गुण. एका विद्यार्थ्याला चारही निकषांत २-२ गुण मिळाले. बेरीज १६ पैकी ८, म्हणजे ५० टक्के. पण पोर्टलवर त्याच असाइनमेंटसमोर ३३.३३ टक्के दिसतात. पास व्हायला ४० लागत असतील, तर हा विद्यार्थी नापास.

तपासणाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही. रुब्रिकच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक नाही, एवढंच.

हे होऊ शकतं मूडलवर. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी तयार केलेली ही प्रणाली २००२ मध्ये आली. ती मोफत असल्यामुळे जगभरात पसरली. आयआयटी मुंबईतही ती वापरली जाते.

आत्ताच याकडे का बघायचं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सततच्या मूल्यमापनावर भर आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी पोर्टलवरून करता येतात. म्हणजे ऑनलाइन मिळालेले मार्क आता थेट मार्कशीटवर येऊ शकतात.

रुब्रिक म्हणजे नेमकं काय?

साधा तक्ता. उभ्या बाजूला निकष: मांडणी, संदर्भ, विश्लेषण, भाषा. आडव्या बाजूला पातळ्या: कमकुवत ते उत्कृष्ट. प्रत्येक घरात काय केलं तर किती गुण, हे लिहिलेलं असतं. 'सरांनी मार्क का कापले?' याचं उत्तर आधीच लेखी मिळतं, हा त्याचा मोठा फायदा. अर्थात तक्ता विद्यार्थ्यांना आधी दाखवला तरच! मूडलमध्ये तो तपासणी होईपर्यंत झाकूनही ठेवता येतो. तसं केलं तर रुब्रिकचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

मग ३३ टक्के आले कुठून?

सगळ्यात खालची पातळी १ गुणाची आहे. त्यामुळे काहीही लिहिलं तरी चार निकषांत ४ गुण मिळणारच. ती टिक नसेल, तर मूडल या ४ गुणांना शून्य धरतं. मग ८ मधून ४ वजा, १६ मधूनही ४ वजा. उरतात १२ पैकी ४.

टिक असेल तर सरळ १६ पैकी ८. खालची पातळी ० पासून सुरू केली, तर हा प्रश्नच येत नाही. खरं तर कॉलेजांनी हेच करायला हवं, कारण सेटिंग कुणाच्या लक्षात राहील याची खात्री नसते.

दुसरा घोळ उलट्या दिशेचा

पाच असाइनमेंटपैकी एकच दिली आणि तिला ८० टक्के मिळाले. मूडलची मूळ सेटिंग रिकाम्या जागा मोजत नाही. त्यामुळे एकूण मार्क ८० टक्केच दिसतात आणि विद्यार्थी खुशीत राहतो. सत्र संपताना ती सेटिंग बदलली, की न दिलेल्या चार असाइनमेंटचे शून्य धरले जातात. पाचही असाइनमेंट सारख्या मार्कांच्या असतील, तर ८० चे थेट १६ होतात.

नियम कडक असणं वेगळं आणि तो न कळणं वेगळं. 'स्वयम'वरच्या एनपीटीईएल कोर्सचंच बघा. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटना २५ आणि परीक्षेला ७५ मार्क असतात. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. असाइनमेंटला पैकीच्या पैकी आणि परीक्षेत २८ मिळाले तर बेरीज ५३ होते, तरी सर्टिफिकेट मिळत नाही. जाचक वाटेल, पण हे कोर्सच्या पानावर आधीच लिहिलेलं असतं.

मूडल वापरणाऱ्या कॉलेजात असाल, तर ग्रेड्सच्या पानावरचा युझर रिपोर्ट उघडा. प्रत्येक असाइनमेंटचं वजन किती आणि एकूण मार्कांत तिचा वाटा किती, याचे रकाने तिथे असतात. ते दिसत नसतील, तर शिक्षकांना सुरू करता येतात. रुब्रिकची बेरीज आणि पोर्टलवरचा आकडा जुळत नसेल, तर निकाल अंतिम होण्याआधीच विचारा. तपासणीनंतर रुब्रिकमध्ये मोठा बदल केला, तर आधी दिलेले मार्क पुन्हा बघायचे का, हे मूडल शिक्षकांना विचारतं. वर्गात शंभर विद्यार्थी असतील, तर ते काम एका दिवसात उरकत नाही.