अंगात ताप असतानाच रक्ताचा नमुना द्या
वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील नागरिकांना कळकळीची विनंती आहे की, घरात कुणालाही ताप आला तर पहिल्या तीन-चार दिवसांतच रक्ताचा नमुना तपासणीला द्यावा. मागणी साधी आहे, पण तिचे मोल कळायला नागपूरची एक जुनी साथ आठवावी लागेल.

१९६५ साली नागपुरात डेंगी आणि चिकुनगुन्याची साथ होती. लोक तापाने फणफणत होते आणि सगळ्यांचा ताप त्या साथीतलाच, असे कुणीही म्हटले असते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा दोघांच्या रक्तातून तोवर कुणालाच ठाऊक नसलेला विषाणू निघाला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ज्या गावात तो सापडला, त्या गावावरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले. पुढे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर भागातल्या वाळूमाश्यांतही तो सापडला. मग बरीच वर्षे त्याची फारशी चर्चा झाली नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतली १८३ दगावली. अनेक मुले लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच गेली. त्या वेळी मारेकऱ्याला ओळखता आले, कारण त्याची ओळख नागपूरच्या त्या दोन नमुन्यांनी आधीच करून दिली होती. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांवरही त्याने घाला घातला.

नागपूर आणि संभाजीनगर यांच्या मधल्या वाटेवरच आपला जिल्हा आहे. म्हणून हा विषाणू आपल्या गावात आलाच आहे, असे कुणी समजू नये. तो आहे की नाही, हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

‘अहवाल येईपर्यंत ताप उतरलेला असतो, मग रक्त द्यायचे कशाला?’ असे विचारले जाते. चांदीपुरावर तर खास औषधही नाही. शंका रास्त आहे, पण अहवालाचा उपयोग त्या एका रुग्णापुरता नसतो. डेंगीचा डास घरातल्या रांजणात, टाक्यात साठवलेल्या पाण्यात वाढतो. चांदीपुरा पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. ती इतकी बारीक असते की साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरते. पहिल्या साथीत भांडी कोरडी करायची, दुसऱ्या साथीत भेगा लिंपायच्या आणि गोठ्यात फवारणी करून घ्यायची. कोणता ताप आहे हेच ठाऊक नसेल, तर गावाची मेहनत भलतीकडेच खर्ची पडते. शिवाय काही तापांना स्वस्त आणि नेमके औषध आहे. पावसानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस डॉक्सीसायक्लिनने बरा होतो. निदानाला उशीर झाला, तर तोच ताप जिवावर बेततो.

पेरणी-डवरणीच्या दिवसांत मजुरी बुडते, ही अडचण मात्र मोठी आहे आणि तिचा भार एकट्या मजुरावर टाकणे अन्यायाचे होईल. नमुना घ्यायला उपकेंद्राचे कर्मचारी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घरी यावेत, असा ठराव ग्रामसभेने करावा. अहवाल त्या घरापर्यंत पोचलाच पाहिजे, हेही त्यात लिहावे. रक्त नेले आणि पुढे काही कळलेच नाही, असा अनुभव आलेले घर पुन्हा हात पुढे करणार नाही.

गावाचे नाव बदनाम होईल, ही भीतीही असते. चांदीपुराचे नाव आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आहे, ते तिथले रक्त वेळेवर तपासले गेले म्हणून. तसाच विषाणू ज्या गावांत असेल आणि जिथे कुणी नमुनाच दिला नसेल, तिथली मुले मात्र नुसती ‘तापाने’ गेली, अशीच नोंद राहिली असेल.

मूल तापात बडबडू लागले, त्याला झटके आले किंवा ते उठवूनही उठत नसेल, तर नमुन्यासाठीही थांबू नका. १०८ वर फोन करून त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्या, रक्त तिथे घेतले जाईल. इतर तापात आशाताईंना पहिल्याच दिवशी कळवा.