डब्यावरचे वॅट आणि बिलावरचे वॅट

आम्ही कापडवाले. ताग्यावर ४० मीटर लिहिलेले असले तरी गिऱ्हाईकासमोर पुन्हा मोजतो. गाडीच्या साउंडच्या धंद्यात मात्र डब्यावर छापलेला आकडा हेच माप! साध्या कार-स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहितात. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर त्याच्या आतला अँप्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला, आवाज न फाटता, हिशेबाने २६ वॅटच्या वर देऊच शकत नाही. प्रत्यक्षात २० च्या आसपास.

आमच्या गाडीत वेगळा अँप्लिफायर बसवला, तेव्हा फिटिंगवाल्याने एकेका चॅनेलवर दोन-दोन स्पीकर समांतर जोडले. ४ ओहमचे दोन असे जोडले की २ ओहम होतात, करंट जवळजवळ दुप्पट खेचला जातो. अँप्लिफायर ४ ओहमपुरताच. तासाभरात तापून बंद, आणि दोष स्पीकरवर!

मोठ्या अँप्लिफायरनेच स्पीकर जळतो, हाही गैरसमज. लहान अँप्लिफायर ताणला की आवाज फाटतो आणि नाजूक ट्वीटर आधी जातो.

आमचे म्हणणे इतकेच की फिटिंगवाल्या बांधवांनी दोन्ही वस्तूंचे आरएमएस वॅट आणि ओहम बिलावर लिहून द्यावेत. तक्रार आली तर तोच कागद दुकानदाराच्याही कामी येईल.