कृत्रिम फुलांची निवड आणि दारचे तोरण

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी या जुन्या पेठेच्या नावातच फूल आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. आज या पेठेत नाना प्रकारचा व्यापार चालतो व फूल हा त्याचा लहानसा भाग आहे. परंतु गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत गुलमंडी, मछली खडक व औरंगपुरा या भागांतून जो फिरेल, त्याला दुकानांच्या दर्शनी भागी फुलांचे पडदेच्या पडदे लोंबताना दिसतील. झेंडूच्या माळा, गुलाबाचे गुच्छ, निशिगंधाचे दांडे, मोगऱ्याचे गजरे, सर्व काही तेथे असते. यांतील बहुसंख्य फुले शेतातून आलेली नसतात, तर साच्यातून निघालेली असतात.

शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रिकेत कृत्रिम फुलांची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर असे की, ही फुले विकत घेणाऱ्यांत आता शेतकरी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. बाजारहाटासाठी शहरात आलेला गृहस्थ परतताना दाराकरिता एक तोरण व दूरदर्शन संचावर ठेवण्यासाठी एक गुच्छ घेऊन जातो. ज्याच्या स्वतःच्या बांधावर झेंडू फुललेला आहे, त्याच्याच चौकटीला प्लास्टिकचा झेंडू बांधलेला ग्रामपातळीवरील आपल्या कार्यकर्त्यांनी अनेक ठिकाणी पाहिला असेल. या गोष्टीचा नुसता उपहास करून भागणार नाही. कोणती वस्तू कोठे योग्य आणि कोठे अयोग्य, याचा विचार झाला पाहिजे.

खोट्या फुलांविषयी सरसकट तिरस्कार बाळगावा, असे माझे मत नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा हलका पांढरा भेंड कोरून त्याची फुले व बाशिंगे करण्याची कला महाराष्ट्रात जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत छतावर कमळे रंगविलेली आहेत. सतराव्या शतकातील बीबी का मकबरा या वास्तूत चुन्याच्या गिलाव्यात फुलझाडे उठविलेली आहेत आणि या शहरातील हिमरू विणकरांनी सूत व रेशीम यांच्या साहाय्याने पानाफुलांची वेलबुट्टी कापडावर उतरविली. ही सर्व फुले कृत्रिमच होत. परंतु ती करणाऱ्यांनी खरे फूल डोळे भरून पाहिले होते. अजिंठ्याच्या छतावर मिटलेली कळी, अर्धे उमललेले कमळ व पूर्ण उमललेले कमळ जवळजवळ आढळते, कारण तळ्यात ती तशीच असतात.

बाजारातील कृत्रिम फूल पारखताना हीच कसोटी लावावी. दुकानदार ‘अगदी खऱ्यासारखे’ म्हणून जे दाखवितो, त्याकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहावे. या बाबतीत शहरी गिऱ्हाइकापेक्षा आपल्या शेतकरी भगिनी अधिक जाणकार आहेत. फक्त दुकानात गेल्यावर त्या हे ज्ञान घरी ठेवून जातात! जरबेऱ्याच्या फुलाचा दांडा उघडा असतो, पाने सर्व बुंध्याशी असतात. तेव्हा ज्या जरबेऱ्याच्या दांड्याला वरपर्यंत पाने चिकटविली आहेत, तो करणाऱ्याने जरबेरा कधी पाहिलेला नाही असे समजावे. निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांचा दांडा खालून वर उमलत जातो, म्हणजे तळाशी उमललेली फुले व शेंड्याला कळ्या. शेंड्यापर्यंत सारखीच उमललेली फुले असलेला दांडा लांबूनही खोटा दिसतो. गुलाबाचे पान एकेरी नसते. एका देठावर बहुधा पाच किंवा सात पर्णिका असतात व त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. फुलाखाली हिरवी निदले असतात, ती नसली तर पाकळ्या थेट दांड्यावर टोचल्यासारख्या वाटतात. मोगऱ्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, जास्वंदीची एकाआड एक. कमळाच्या पानाचा देठ पानाच्या मध्यावर जोडलेला असतो आणि पानाला चीर नसते. चीर असलेले पान कुमुदिनीचे. झेंडू हे तर एक फूल नसून अनेक लहान पुष्पिकांचा तो समूह आहे. म्हणून एकाच कापडी चकतीला सुरकुत्या घालून केलेला झेंडू चेंडूसारखा दिसतो, फुलासारखा नाही.

याखेरीज आणखी एक गोष्ट पाहावी. निसर्गात कोणतीही दोन पाने एकसारखी नसतात आणि पानाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा बहुधा फिकी असते. ज्या गुच्छातील सर्व फुले एकाच मापाची, एकाच छटेची व एकाच दिशेला तोंड केलेली असतात, तो कितीही महाग असला तरी घेऊ नये. त्याच पैशांत थोडी फुले, थोड्या कळ्या व भरपूर साधी पाने निरनिराळी घेऊन घरी मातीच्या किंवा पितळेच्या भांड्यात मांडली, तर त्यांस अधिक सजीवपणा येतो. दांड्यातील तार किंचित वाकवून घ्यावी. ताठ उभा दांडा फक्त दुकानातच असतो. ऋतूचेही भान असावे. ऐन वैशाखात, अंगणातील तुळसही माना टाकते त्या काळात, दिवाणखान्यात हिवाळी शेवंतीचा ढीग ठेवला की पाहणाऱ्याला तो खोटा आहे हे सांगावे लागत नाही.

आता द्रव्याविषयी. बाजारात ‘रेशमी’ म्हणून जी फुले मिळतात, त्यांत रेशमाचा अंश बहुधा नसतो. ती पॉलिएस्टरच्या कापडाची असतात. दांडे व पाने पॉलिथिलीनची ओतीव असतात. स्पर्शाला ओलसर, मऊ लागणारी काही फुले रबराच्या चिकापासून किंवा तत्सम कृत्रिम पदार्थापासून लेप देऊन केलेली असतात व ती हुबेहूब वाटतात, पण किमतीने अधिक असतात. दांड्यावर साच्याची शिवण ठळक दिसत असेल, कापडाच्या कडेचे दोरे सुटलेले असतील, किंवा पान ओढताच हाती येत असेल, तर तो माल हलका समजावा. पांढऱ्या कपड्याचा ओला कोपरा पाकळीवर घासून पाहावा. रंग उतरला तर तो भिंतीला, कपड्याला आणि लहान मुलांच्या हातांनाही लागेल.

या फुलांना पाणी नको म्हणून काळजीही नको, ही समजूत चुकीची आहे. मराठवाड्यातील उन्हाळी धूळ त्यांच्यावर बसते आणि पंधरा दिवसांत गुच्छ करडा होतो. सौम्य साबणाच्या पाण्यातून काढून ती सावलीत वाळवावी लागतात. उन्हात ठेवलेले प्लास्टिक विटते, ठिसूळ होते व त्याचा चुरा अंगणातील मातीत मिसळतो. सर्वांत महत्त्वाची सूचना विस्तवासंबंधी आहे. पॉलिएस्टर व पॉलिथिलीन जळताना वितळतात आणि त्यांचे तप्त थेंब खाली गळतात. समई, निरांजन, उदबत्ती किंवा दिवाळीच्या पणत्या यांच्या जवळ अशी फुले ठेवू नयेत. गणपतीच्या मखराला कापडी फुलांची महिरप आणि तिच्याच खाली तेवती समई, ही मांडणी घराघरांत दिसते. ती तत्काळ बदलावी.

म्हणजे कृत्रिम फुलांना जागा कोणती? जेथे ऊन पोहोचत नाही असा कोनाडा, भिंतीवरील उंच फळी, शाळेचा रंगमंच, ज्या घरात कोणास परागांचा त्रास होतो असे घर. पाण्याच्या टंचाईत बागेला घालण्यास पाणी नसताना घरात रंग दिसावा असे गृहिणीस वाटले, तर त्यात गैर ते काय? अशा ठिकाणी एकदाच चांगला माल घ्यावा आणि वर्षानुवर्षे वापरावा. दरवर्षी स्वस्त माल घेऊन तो दरवर्षी टाकणे हीच खरी उधळपट्टी आहे.

परंतु त्याहूनही चांगला मार्ग आपल्या शेतात आहे आणि त्याकडे आपले लक्ष नाही. वाळवूनही ज्यांचे रूप टिकते अशी फुले आहेत. स्टॅटिस व हेलिक्रायसम ही त्यांपैकी होत. फुलांचे राहू द्या, पण गव्हाच्या ओंब्या, ज्वारी-बाजरीची कणसे आणि कपाशीची उमललेली बोंडे यांचा गुच्छ कोणत्याही दिवाणखान्यास शोभेल. शहरातील शोभेच्या दुकानांत अशा वाळलेल्या ओंब्या विकत मिळतात, ही गोष्ट आपल्या गहू उत्पादकांनी ऐकून ठेवण्यासारखी आहे. कपाशीच्या बाबतीत मात्र एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. किडकी, अर्धवट उघडलेली बोंडे घरात किंवा गोठ्यात ठेवू नयेत. गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते व पुढील हंगामात शेतात येते. पूर्ण उमललेली, निरोगी बोंडेच निवडून, कडक उन्हात वाळवून घ्यावीत.

दारावरील तोरणाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तोरण हे त्या दिवशी ताजे बांधावयाचे आणि सुकले की उतरावयाचे असते. सुकलेला झेंडू खताच्या खड्ड्यात जातो व त्याचे खत होते. त्याच खड्ड्यात किंवा निर्माल्यात प्लास्टिकची माळ मिसळली की सर्व खत निरुपयोगी होते, आणि नदीत टाकली तर ती खाम नदीतून पुढे गोदावरीच्या पात्रापर्यंत जाते. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरावयाच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्माकोल होते, प्लास्टिकची फुले नव्हती. पुढे फूल उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेत हा प्रश्न उपस्थित झाला असता फलोत्पादन मंत्र्यांनी अशा फुलांवर बंदी घालण्याचे आश्वासन दिले. कायद्याने व्हावयाचे ते होईल. पण आपल्या चौकटीला काय बांधावे हे ठरविण्यास कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

येथे फूल उत्पादक बंधूंशी स्पष्ट बोलणे भाग आहे. दसऱ्याच्या सायंकाळी विकला न गेलेला झेंडू रस्त्याच्या कडेला टाकून रिकाम्या हाताने परतण्याची पाळी अनेकांवर येते. त्याचा सर्व दोष प्लास्टिकच्या माळेवर टाकण्याची आता प्रथाच पडली आहे. प्लास्टिकने मागणीचा वाटा घेतला, हे खरे. परंतु सर्व तालुक्याचा झेंडू एकाच दिवशी, त्याच चार चौकांत, मोकळ्या ढिगाने येऊन पडला, तर प्लास्टिक नसतानाही भाव कोसळेल. शिवाय गिऱ्हाईक प्लास्टिकची माळ का घेतो याचा विचार करावा. ती ओवलेली, मोजून घेता येणारी व लगेच बांधता येणारी असते. शहरात नोकरी करणाऱ्या भगिनीला सणाच्या सकाळी दोन किलो फुले ओवीत बसण्यास वेळ नसतो. गावातील बचत गटाने झेंडूत आंब्याची पाने घालून दाराच्या मापाची तयार तोरणे ओवली, ती ओलसर गोणपाटात गुंडाळून आदल्या सायंकाळी शहरात नेली, तर तीच फुले सुट्या भावाने विकावी लागणार नाहीत. गुलमंडीतील दुकानदारही ती ठेवील. त्याला विकण्याशी मतलब आहे, प्लास्टिकशी सोयरीक नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या गटाकडून हा प्रयोग करून घ्यावा आणि खर्च व विक्री यांची नोंद ठेवावी.

झेंडूची लागवड करताना पंचांग पाहणे आवश्यक आहे. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. म्हणजे तीन वर्षांत तो बावीस दिवसांनी अलीकडे आला, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. ‘दरवर्षीप्रमाणे’ पेरणी करणाऱ्याचा झेंडू कधी सणाआधी संपतो, कधी सणानंतर फुलतो. रोप तयार होण्यास तीन ते चार आठवडे आणि लावणीपासून फुले येण्यास जातीनुसार दोन महिने किंवा किंचित अधिक काळ लागतो. तेव्हा सणापासून सुमारे तीन महिने मागे मोजून बी टाकावे; लहान फुलांचा झेंडू काहीसा लवकर येतो, त्याचा हिशेब वेगळा धरावा. झेंडूची मुळे सूत्रकृमींना आवर घालतात आणि टोमॅटोच्या वाफ्यांभोवती लावल्यास फळे पोखरणारी अळी त्याच्याकडे आकृष्ट होते, त्यामुळे सणात भाव पडला तरी पीक सर्वस्वी वाया जात नाही.

सर्व क्षेत्र एकाच दिवशी लावू नये. त्याचे तीन भाग करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने लावणी करावी, म्हणजे पहिला तोडा घटस्थापनेच्या माळांसाठी, दुसरा दसऱ्यासाठी व तिसरा दिवाळीच्या बाजारासाठी मिळेल. तोडणी सकाळी दव ओसरल्यावर किंवा सायंकाळी करावी आणि ओली फुले ढीग घालून पोत्यात दाबू नयेत.