आकाशवाणीचा एक दिवस आणि आपला अभ्यासक्रम

गेल्या वर्षी बी. ए. च्या वर्गात नाट्यवाङ्मयाचे प्रकार शिकवताना 'श्रुतिका' या शब्दापाशी थांबावे लागले. केवळ श्रवणासाठी लिहिलेले नाटक, ही व्याख्या सर्वांना पाठ होती. 'कोणी ऐकली आहे का?' या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प. जो प्रकार विद्यार्थ्याच्या कानावर एकदाही पडलेला नाही, त्याची व्याख्या त्याच्याकडून घोकून घेणे हे ढोंग आहे, आणि त्यात मीही सामील आहे.

माझ्या पिढीने आकाशवाणी ऐकली ती कार्यक्रम निवडून नव्हे, तर दिवसाच्या क्रमाने. सकाळी सातच्या आत संस्कृत बातम्या, मग मराठी बातम्या, 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', संध्याकाळी पीकपाणी आणि बाजारभाव, रात्री एखाद्या अभ्यासकाचे भाषण किंवा नभोनाट्य. आमच्या आधीच्या पिढीकडे तर 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, म्हणजे बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू, घरातली माणसे असल्यासारखी येत. या क्रमाचे महत्त्व तेव्हा जाणवले नाही. नाटकाची वाट पाहणाऱ्याला आधी कांद्याचा भाव ऐकावा लागे, आणि कांद्याच्या भावासाठी थांबलेल्याच्या कानावर नाटकाचा पहिला प्रवेश पडे. एकाच दिवसात वृत्तनिवेदकाची, शेतकऱ्याची, गृहिणीची, गिरणी कामगाराची आणि समीक्षकाची मराठी एकमेकींच्या शेजारी नांदत. मराठीची इतकी रूपे एका दिवसात ऐकवणारा दुसरा वर्ग मला ठाऊक नाही.

या दिवसातला नाटकाचा भाग हा रंगभूमीचा गरीब नातेवाईक नव्हता, हेही सांगायला हवे. रिचर्ड ह्यूज यांनी १९२४ मध्ये बीबीसीसाठी खास नभोवाणीचे नाटक लिहिले तेव्हा पात्रांना कोळशाच्या खाणीतल्या अंधारात अडकवले. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. माध्यमाची उणीव हाच नाटकाचा विषय झाला. नेपथ्य, प्रकाश, मुद्राभिनय हे सारे काढून घेतल्यावर जे उरते ते शब्द, आवाज आणि मौन. म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाचीच सामग्री! धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये रंगमंचावर आणण्यापूर्वी अलाहाबाद आकाशवाणीच्या श्रोत्यांनी ऐकले होते. आकाशवाणीच्या अखिल भारतीय नाट्यकार्यक्रमात तर एका भाषेतले नाटक अनुवादित होऊन देशातल्या अनेक भाषांच्या श्रोत्यांपर्यंत जाई. तौलनिक साहित्याचा अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मराठीपुरते पाहायचे तर बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते. त्यांची कविता आणि त्यांचे सौंदर्यशास्त्र आपण साक्षेपाने शिकवतो. 'कर्ण', 'बदकांचे गुपित' यांसारख्या त्यांच्या संगीतिका मात्र ग्रंथसूचीतल्या एका ओळीत उरकतो. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर वर्षानुवर्षे ग्रामीण श्रोत्यांसाठी काम केले. त्यांच्या गद्यातल्या बोलण्याच्या लयीची चर्चा करताना या नोकरीचा विचार आपल्या वर्गात किती वेळा होतो?

यावर आक्षेप असा की श्रुतिका क्षणजीवी असते, तिची संहिता वाङ्मय म्हणून टिकत नाही. पण डिलन टॉमस यांचे 'अंडर मिल्क वुड' (१९५४) आणि सॅम्युएल बेकेट यांचे 'ऑल दॅट फॉल' (१९५७) ही दोन्ही नाटके नभोवाणीसाठीच लिहिलेली आहेत, आणि इंग्रजीच्या अभ्यासकांना ती वाङ्मय वाटतात. ती टिकली, कारण ती छापली गेली आणि शिकवली गेली. टिकाऊपणा हा नेहमीच कलाकृतीचा गुण नसतो. पुष्कळदा तो वाचकांचा आणि अध्यापकांचा निर्णय असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता पॉडकास्ट आहेत, श्राव्य पुस्तके आहेत. मग आकाशवाणीच्या त्या दिवसासाठी उसासे कशाला? ही नवी साधने मलाही प्रिय आहेत. पण तिथे मी जे मागतो तेच मला मिळते. जे मागितले नव्हते ते कानावर पडण्याची शक्यता तिथे फार कमी असते, आणि साहित्याच्या शिक्षणाचा मोठा भाग तर त्या न मागितलेल्या गोष्टींनीच घडतो. अर्थात त्या दिवसातही सारे उत्तम नव्हते. सरकारी प्रचाराचा कंटाळा होता आणि सभ्यतेच्या नावाखाली बोलींना प्रमाण वळण लावण्याचा सोसही होता. तोही अभ्यासाचाच विषय आहे.

प्रश्न आहे तो वेळेचा. आरंभीची नाटके थेट प्रसारित होत, म्हणून ती हवेत विरली. पुढे ध्वनिफीत आली, पण ती महाग. एकदा वाजलेली फीत पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभर होती. उरल्या त्या संहिता: लेखकांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकांत, पेन्सिलीच्या खुणांसह. त्या वाचणारे, त्या आवाजात उभ्या करणारे कलावंत आता वृद्ध झाले आहेत.

प्रत्येक मराठी विभागाने वर्षाला एका तरी संहितेचा शोध घ्यावा, एका तरी जुन्या श्रुतिका-कलावंताची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. एम. ए. च्या प्रकल्पाला याहून मोलाचा विषय कोणता? आणि तोवर निदान एवढे करू या: श्रुतिकेच्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी वर्गाचे दिवे मालवावेत आणि एक श्रुतिका ऐकवावी. व्याख्या विद्यार्थी स्वतःच सांगतील.