शिल्लक जमीन म्हणायची कुणी?



एस.टी. महामंडळाच्या जागा आता ‘अतिरिक्त’ ठरू लागल्या आहेत. बसस्थानक आणि आगाराची मोकळी जागा खासगी विकासकाला द्यायची, त्याने नवे स्थानक बांधून द्यायचे आणि उरलेल्या जागेवर दुकाने, कचेऱ्या, हॉटेले काढून उत्पन्न घ्यायचे, असे हे धोरण आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने अशा भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ९८ वर्षे केली. आज पाळण्यात असलेले पोर म्हातारे होऊन जाईल, तरी करार चालूच राहील.

आम्ही बांधकामाच्या विरोधात नाही. महामंडळ तोट्यात आहे. स्थानकात पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाणी नाही, आणि बायाबापड्यांच्या सोयीबद्दल तर बोलायलाच नको. पडून राहिलेल्या जागेतून पैसा उभा राहत असेल तर जरूर राहावा. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जागा अतिरिक्त आहे हे ठरवले कुणी, आणि कोणत्या मापाने?

शेतकऱ्याची जमीन अतिरिक्त ठरवताना सरकारकडे माप होते. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, १९७५ साली त्याची मर्यादा आणखी खाली आणली. जिरायत ५४ एकर, बारमाही ओलिताची १८ एकर. त्या कायद्याशी आपले भांडण आहे, ते वेगळे. पण विवरणपत्र भरून घेतले, चौकशी झाली आणि ५४ च्या वर काय, ते कागदावर आले. मग सरकारने आपल्या जमिनीलाही तसेच माप लावावे. रोज किती गाड्या, किती प्रवासी, वीस वर्षांनी किती होतील, त्याला किती जागा लागेल, हे आधी मांडावे. त्यातून उरेल ती शिल्लक.

आज गाड्या कमी आहेत म्हणून आगार मोकळे दिसते. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली किती राने पडीक राहिली! ती काय शिल्लक होती? पाऊस आला तशी पुन्हा पेरली. २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले आणि स्थानकावरची गर्दी वाढली. गर्दीला गाडी लागते आणि गाडीला उभे राहायला जागा लागते.

मोकळ्या सरकारी जागेचे पुढे काय होते, ते पाहायला मुंबईला जावे लागेल. वऱ्हाड-मराठवाड्याचा कापूस ज्या गिरण्यांत जात होता, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. त्यातल्या २५ गिरण्या तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच होत्या. १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या मैदानासाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. वाटणी बरी होती. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता, बांधकाम वगळून मोकळ्या राहिलेल्या जमिनीचीच उरली. लोकांचा वाटा आक्रसला. लोक कोर्टात गेले, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. एका शब्दाच्या फेराने मैदाने गेली आणि कामगारांची घरेही गेली.

यातून शिकायचे काय? ज्वारीत तुरीच्या किती ओळी, हे चाड्यावर मूठ ठेवण्याआधी ठरते. पीक वर आल्यावर ओळी बदलता येत नाहीत. सरकारी जागेवरही मिश्रपीकच घ्यायचे असेल, तर आमच्या ओळी निविदा निघण्याआधी लिहून ठेवा. तोंडी आश्वासन चालणार नाही.

आमच्या ओळी कोणत्या? जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एकच नमुना चालणार नाही, पण चर्चेसाठी आम्ही चार मांडतो.

एक, गाड्यांची जागा आधी, दुकानांची नंतर. वीस वर्षांच्या वाढीचा हिशेब धरून.

दोन, तालुक्याला शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलींसाठी वरच्या मजल्यावर वसतिगृह. शेवटची गाडी चुकते म्हणून कॉलेज सुटलेल्या मुली आपल्या प्रत्येक गावात आहेत.

तीन, जागा पुरेशी असेल तिथे एका बाजूला गोदाम आणि वजनकाटा. शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, पण ज्वारी, तूर ठेवायला जवळ गोदाम नसेल तर ती योजना कागदावरच राहते आणि माल सुगीतच पडत्या भावाने जातो.

चार, भाड्याचे उत्पन्न किती आणि ते गेले कुठे, याचा हिशेब दरवर्षी स्थानकाच्या भिंतीवर.

आता कामाचे. शहराच्या विकास आराखड्यात जागेचे आरक्षण बदलायचे असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. हरकत कोणीही घेऊ शकतो. शहरात घर असलेच पाहिजे असे नाही, खेड्यातला माणूसही लिहू शकतो. आजवर आपण लिहिलेच नाही, कारण नोटीस शहरात लागते आणि आपण रानात असतो.

म्हणून या बैठकीत प्रत्येक तालुक्याने दोन कार्यकर्ते नेमावेत. त्यांनी आपल्या गावच्या स्थानकाची आणि आगाराची जागा किती, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचे, आरक्षण कशाचे, याची नक्कल काढून पुढच्या बैठकीला आणावी. कचेरीत टाळाटाळ झाली तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.

बांधावरचा एक हात सरकला तर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो. ही जमीनही आपलीच आहे. तिची मोजणी आपल्यासमोरच झाली पाहिजे.