खो-खोची नोंदवही हवी

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. कर्णधार होत्या मूळच्या बीड जिल्ह्यातल्या प्रियंका इंगळे, तर धाराशिवच्या अश्विनी शिंदे याच संघातून खेळल्या.

धाराशिवला हा मान नवा नाही. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व धाराशिवच्या सारिका काळे यांनी केले होते. घरची ओढगस्त अशी, की कित्येक वर्षे एकवेळच्या जेवणावर काढावी लागली, असे त्यांनीच सांगितले आहे. परिस्थितीपुढे हात टेकून त्यांनी खेळ सोडायचे ठरवलेही होते; प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोसाठी हा पुरस्कार मिळाला होता १९९८ साली, शोभा नारायण यांना. मध्ये बावीस वर्षे कोरडी गेली.

पदके आणि पुरस्कार लक्षात राहतात. प्रत्यक्ष खेळ मात्र विस्मरणात जातो. खो-खोत तर हा धोका अधिक. ७८-४० या गुणफलकावर बाद केलेल्या गड्यांचे गुण मुख्यतः दिसतात. पण पाठीशी आक्रमक लागलेला असताना बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळणारी, खांबाजवळ हुलकावणी देऊन सूर चुकवणारी मुलगी संघाला जे देते, ते मिनिटा-सेकंदांत मोजावे लागते. ‘२.१० मि. व ३ गडी’ अशा कंसातल्या मजकुराने मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे ते मोजलेही. गुणलेखकाच्या टेबलावर ही नोंद होतेच. तिची कारकिर्दीची बेरीज खेळाडूच्या नावापुढे, कुणालाही पाहता येईल अशी मांडली गेली पाहिजे.

रग्बीने हे केले आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरात झाला. कोण खेळले, हे आजही नावानिशी सांगता येते. न्यूझीलंडच्या डॅन कार्टरचे ११२ कसोटींतले १,५९८ गुण किंवा वेल्ससाठी ॲलन विन जोन्स खेळलेले १५८ सामने, हे आकडे नव्या खेळाडूंपुढे आव्हान म्हणून उभे असतात. विक्रम मोडायचा तर तो आधी लिहिलेला असावा लागतो.

म्हणून खो-खो महासंघाने आणि राज्य संघटनेने १९९६ च्या कोलकात्यातील पहिल्या आशियाई स्पर्धेपासून प्रत्येक भारतीय खेळाडूचे सामने, पळतीची वेळ आणि टिपलेले गडी यांची सार्वजनिक नोंदवही तयार करावी. त्या पिढीचे खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक आज आपल्यात आहेत, त्यांच्या घरी कात्रणे आहेत. तोवरच हे काम सोपे आहे. सुरुवात धाराशिवनेच करावी. संध्याकाळी मैदानावर उतरणाऱ्या इथल्या मुलीला सारिकाताईंचे नाव ठाऊक आहेच. त्यांची कोणती वेळ आपल्याला मोडायची आहे, हेही तिला कळायला हवे. तो तिचा हक्क आहे.