आजारी लेखक, निरोगी समीक्षा

दीर्घ आजारानंतर एखादा लेखक गेला की मराठी नियतकालिकांतून जे लेख प्रसिद्ध होतात, त्यांत तीन शब्द हटकून भेटतात: जिद्द, झुंज आणि मात. यांतील तिसरा शब्द सर्वांत चमत्कारिक. ज्याच्यावर मृत्युलेख लिहिला जात आहे त्याने मृत्यूवर मात केली, हे विधान तर्काच्या कोणत्याही शाखेत बसणारे नाही. परंतु श्रद्धांजलीचा तर्क निराळा असतो असे मानून ते सोडून देता आले असते. अडचण अशी की ही शब्दावली श्रद्धांजलीपुरती राहत नाही. ती पुढे प्रस्तावनेत जाते, प्रस्तावनेतून प्रबंधात जाते, आणि प्रबंधातून वाङ्मयेतिहासात स्थिर होते. मग त्या लेखकाच्या अखेरच्या दहा-पंधरा वर्षांतील लेखनाविषयी जे काही म्हणावयाचे असते ते या तीन शब्दांनीच म्हणून झालेले असते.

वरवर पाहता हा गौरव आहे. वस्तुतः ती मूल्यमापनातून पळवाट आहे. 'अशा अवस्थेतही त्यांनी लिहिले' या वाक्यातील 'ही' या एका अक्षराने लेखनाचे काय झाले हा प्रश्न गिळून टाकला जातो. लिहिणे हाच पराक्रम ठरल्यावर काय लिहिले, कसे लिहिले, पूर्वीपेक्षा वेगळे काय घडले, हे विचारणे अनुदार वाटू लागते. आजारी माणसाच्या खोलीत जसे हळू बोलावे, तसे त्याच्या पुस्तकांविषयीही हळू बोलण्याचा संकेत पाळला जातो. ही दया लेखकाला समकालीन म्हणून वागवत नाही. ती त्याला रुग्ण म्हणून वागवते.

दुसरी बाजूही निर्दोष नाही. मर्ढेकरोत्तर सौंदर्यविचाराने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो आग्रह धरला, त्याने चरित्रात्मक समीक्षेच्या भोंगळपणाला आळा घातला हे मान्यच करावयास हवे. परंतु त्या झाडलोटीत लेखकाच्या भावनांबरोबर त्याची बोटे, डोळे, श्वास आणि दिवसातले हाताशी असलेले तास हेही बाहेर टाकले गेले. एक पक्ष आजाराला चारित्र्याचा पुरावा मानतो, दुसरा त्याला साहित्यबाह्य म्हणून दारातच अडवतो. दोघांनाही आजार ही लेखनाच्या साधनांत बदल घडवणारी गोष्ट आहे हे सुचत नाही. छापखान्याचा, मासिकाच्या पृष्ठमर्यादेचा, रंगभूमीच्या गरजांचा लेखनावर होणारा परिणाम अभ्यासविषय ठरतो. मग ज्या शरीराने लिहावयाचे त्याच्या मर्यादा तेवढ्या अभ्यासाबाहेर का?

अरुण कोलटकर यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह १९७७ मधला. त्यानंतर पाव शतक त्यांचा मराठी संग्रह नाही. आणि २००३-०४ या काळात 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' आणि इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्प सत्र' अशी पुस्तकांची रीघ लागते. २५ सप्टेंबर २००४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक कथा आपोआप तयार होते: मृत्यूची चाहूल लागली आणि कवीची प्रतिभा उसळून आली. कथा मोहक आहे, आणि खोटी आहे. या कविता अनेक वर्षे लिहिल्या, फिरवल्या, मांडल्या जात होत्या. आजाराने घाई केली ती प्रकाशनाची. ज्या कवीला पुस्तक पुरे झाले असे सहसा वाटतच नव्हते, त्याला ते पुरे म्हणावे लागले. येथे समीक्षेला खरे काम आहे. कोणती कविता कोणत्या दशकातली, कोणता क्रम जुना आणि कोणता नव्याने लावलेला, याची छाननी झाल्याविना 'भिजकी वही'ला उत्तरकालीन शोकाचे पुस्तक म्हणणे म्हणजे मुद्रणवर्षाला निर्मितीवर्ष समजणे होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही चूक केली तर ती वाचनाची कमतरता म्हणता येईल. रूढ परीक्षणांनी ती केली की तिला संवेदनशीलता म्हटले जाते.

कोलटकरांच्या बाबतीत जी कथा नव्याने रचली जात आहे, तिचा जुना नमुना राम गणेश गडकरी यांच्याविषयी शंभर वर्षे प्रचारात आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे क्षयाने गेले, वय तेहेतीस. क्षय आणि प्रतिभा यांची जोडी युरोपातील रोमँटिक कवितेने लावून दिलेलीच होती, ती मराठीत आयती उपलब्ध झाली. मग 'भावबंधन' मृत्युशय्येवर पुरे झाल्याची हकीकत नाटकाच्या आस्वादाचा भाग बनली आणि 'राजसंन्यास' अपुरे राहिले हाच त्याचा अलंकार झाला. अपुऱ्या नाटकाच्या उपलब्ध प्रवेशांवरून पुऱ्या नाटकाच्या थोरवीचा जो अंदाज बांधला जातो, त्याला नाट्यविचारात आधार नाही. त्याला फक्त लेखकाच्या वयाचा आधार आहे. तेहेतीसच्या ठिकाणी त्र्याहत्तर असते तर हेच प्रवेश शैलीच्या अतिरेकाबद्दल कसोटीला लागले असते.

त्याच गडकऱ्यांच्या बाबतीत जो प्रश्न समीक्षेने हाती घ्यावयास हवा होता तो मात्र टिपेत राहिला. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ च्या फेब्रुवारीत. त्यातील पदे गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जर यांची आहेत. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीवरील एका प्रमुख नाटकाचा गद्य भाग एका हातचा आणि गेय भाग दुसऱ्या हातचा आहे. सिंधूचे गद्यातले दुःख आणि तिच्या पदांतले दुःख ही एकाच दृष्टीतून आलेली आहेत काय? गद्यातील गडकरी अलंकाराने भावना ताणतात. पदांत ती ताण कमी होते की वाढते? लेखकाची शक्ती संपल्यावर संहिता दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा कर्तृत्व या संकल्पनेचे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण. पण 'अकाली मावळलेला सूर्य' म्हणून हळहळण्यात जी पृष्ठे खर्ची पडली, त्यांच्या हिशेबात या प्रश्नाच्या वाट्याला फारच थोडे आले.

कर्तृत्वाचा विषय निघालाच आहे, तर एका परकीय नावाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारे रोलाँ बार्थ विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी विभागांतील चर्चासत्रांत फार उद्धृत झाले. संहितेमागे माणूस शोधू नये हे सांगण्यासाठी त्यांचे नाव घेतले जाते. त्याच बार्थनी १९४० च्या दशकातील काही वर्षे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात काढली होती. तेथे सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी इतिहासकार मिशले यांचे समग्र लेखन वाचले आणि उतारे कार्डांवर उतरवून ती कार्डे पुनःपुन्हा नव्या क्रमाने मांडली. १९५४ चे 'मिशले' हे पुस्तक त्या कार्डांतून आले. पुढे तुकड्यांची, नोंदींची, क्रम मोडून रचण्याची जी पद्धत बार्थ यांची ओळख ठरली, तिच्या पाठीशी अंथरुणावरून हाताळता येईल अशी ही छोटी कार्डे आहेत. येथे कोणी जिद्दीची कथा सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. आजाराने आशय दिला नाही, पद्धत दिली, आणि पद्धत ही तर समीक्षेच्या अधिकारातील गोष्ट आहे. लेखक मेला असे मानणाऱ्यांनीही लेखक आडवा पडलेला होता एवढे लक्षात घ्यावयास हरकत नाही.

पद्धत बदलण्याचा सर्वांत ठळक प्रकार म्हणजे हाताऐवजी तोंडाने लिहिणे. वि. स. खांडेकर यांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली. १९५९ च्या 'ययाति'साठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ते स्वतःचे पान स्वतः वाचू शकत नव्हते, आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे लेखन सांगून लिहवून घेण्याच्या मार्गाने चालू राहिले. याचे वर्णन करताना 'अंतःचक्षू' हा शब्द आला नाही असा लेख विरळा. परंतु खांडेकरांचे गद्य हे डोळ्यांनी रचलेले गद्य आहे. समतोल वाक्यखंड, उपमेला उपमेची जोड, परिच्छेदाच्या शेवटी सुभाषित. सांगणाऱ्याला मागचे वाक्य दिसत नाही, ते स्मरणात धरावे लागते, किंवा पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती करावी लागते. अशा स्थितीत वाक्य लांबते की तुटते? सुभाषितांचे प्रमाण वाढते की घटते? 'ययाति'ची पाने आणि सांगून लिहवलेली पाने समोरासमोर ठेवून हे मोजता येण्याजोगे आहे. उत्तर खांडेकरांच्या बाजूने लागेल किंवा विरुद्ध लागेल. 'अंतःचक्षू'ने मात्र ते कोणत्याच बाजूने लागणार नाही.

आणि लिहून घेणारा? मराठी परंपरेला लेखनिकाचे वावडे कधीच नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस परंपरेने येणाऱ्या ओवीत शकाबरोबर सच्चिदानंदबाबांचे नाव लेखकू म्हणून येते. तुकोबांच्या अभंगांबरोबर संताजी जगनाडे यांचे नाव घेतले जाते. जुन्या मराठीचा अभ्यासक लेखनिकाचा हात, त्याची बोली, त्याचे प्रमाद यांची चिकित्सा केल्याविना पाठ निश्चित करीत नाही. आधुनिक साहित्याकडे वळताच हीच विद्या विसरली जाते. आजारी लेखकाचा लेखनिक बहुधा पत्नी असते, कन्या असते, एखादा विद्यार्थी असतो. त्याचे स्थान अर्पणपत्रिकेतील कृतज्ञतेच्या ओळीत. विरामचिन्हे कोणी घातली, अडलेला शब्द कोणी सुचवला, थकलेल्या लेखकाने 'पुढचे तूच बघ' असे कोठे म्हटले, हे विचारणे लेखकाचा अवमान समजला जातो. तेराव्या शतकाला लागू असलेली शिस्त विसाव्या शतकाला अवमानकारक कशी होते, हे गूढच आहे.

नामदेव ढसाळ यांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे आजाराबरोबर राजकारणही आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून २०१४ मधील मृत्यूपर्यंत ते मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या विकारासह जगले. या विकाराचा स्वभाव असा की वापराने स्नायू थकतो आणि विश्रांतीने काही अंशी पुन्हा चालू होतो; पापण्या, चावणे, गिळणे, बोलणे यांवर त्याचा घाला पडू शकतो. 'गोलपिठा' १९७२ चा, 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' १९७५ चा. 'खेळ', 'गांडू बगीचा', 'या सत्तेत जीव रमत नाही' हे संग्रह मात्र १९८३ पासूनच्या, म्हणजे आजारातल्या काळातले. तरीही अभ्यासक्रमात आणि चर्चेत ढसाळ म्हणजे 'गोलपिठा'. पुढच्या तीन दशकांचा निकाल दोन प्रकारे लावला जातो. स्नेही 'व्याधीशी झुंजणारा पँथर' म्हणतात, विरोधक राजकीय भूमिका बदलल्यामुळे कविता उतरली असे म्हणतात. दोन्ही निकाल कविता न वाचता देता येतात, हेच त्यांचे साम्य.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ढसाळांच्या नंतरच्या कवितेतील ओळ आखूड झाली असेल तर ती श्वासामुळे झाली, असे म्हणून मोकळे होणे हाही त्याच मोहाचा सुशिक्षित अवतार ठरेल. ओळ आखूड होण्यामागे छंदाचा कंटाळा असू शकतो, वाचनाचा परिणाम असू शकतो, निवड असू शकते. खर्डे, दिनांक, कविता कशी उतरवली गेली याची साक्ष, यांविना शरीर आणि ओळ यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. दुर्गाबाई भागवत यांना विषबाधेमुळे दीर्घकाळ अंथरुणावर राहावे लागले आणि पीएच.डी.चे काम सुटले, या घटनेपासून १९५६ च्या 'ऋतुचक्र'पर्यंत अशीच रेघ ओढली जाते: खिडकीतून ऋतू पाहिले आणि पुस्तक झाले. त्या पुस्तकामागे लोकसाहित्याचा, संस्कृत आणि पाली ग्रंथांचा जो व्यासंग आहे तो खिडकीतून दिसत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. आजारी माणसाला लिहीत राहणे खरोखरच कठीण असते. त्या कठीणपणाला भाषेत स्थान नको काय? व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये 'ऑन बीइंग इल' या निबंधात हीच तक्रार केली होती की प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या जोडीने आजाराला साहित्यात स्थान मिळालेले नाही, आणि साध्या डोकेदुखीचे वर्णन करावयास भाषेजवळ शब्द नाहीत. तक्रार रास्त आहे. परंतु ती शब्द नसल्याची तक्रार आहे. जिद्द, झुंज, मात हे त्या रिकाम्या जागी भरलेले बुजगावणे आहे. सुझन सोंटॅग यांनी १९७८ च्या 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये आजाराभोवतीच्या युद्धरूपकांची चिकित्सा केली तेव्हा त्या स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या होत्या; पुस्तकात त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. असे का केले ते त्यांनी १९८९ मध्ये, एड्सवरील पुढच्या पुस्तकात सांगितले. आणखी एका धैर्यकथेची भर घालण्यापेक्षा विचार मांडणे त्यांना उपयोगी वाटले होते. त्या पुस्तकावर मराठी लेखकाने लिहिलेला मृत्युलेख कसा झाला असता याची कल्पना करवत नाही.

शिवाय झुंजीच्या भाषेला एक उलट बाजू आहे. जो लिहू शकला तो झुंजला. मग जो थांबला तो हरला काय? चाळिशीनंतर लेखन थांबलेल्या, विशेषतः घर आणि दुखणे दोन्ही सांभाळणाऱ्या लेखिकांविषयी 'पुढे त्यांच्या लेखनात सातत्य राहिले नाही' असे एक वाक्य वाङ्मयकोशांना पुरते. त्या वाक्यात संधिवात असू शकतो, मोतीबिंदू असू शकतो, औषधाने येणारी गुंगी असू शकते. कोशकाराने ते शोधले नाही, कारण मात केलेल्यांची यादी करण्यात थांबलेल्यांची नोंद करण्याची सोय नसते.

विद्यापीठांतून चाललेल्या कामात याला जागा करणे फार अवघड नाही. ज्या लेखकांची हस्तलिखिते उपलब्ध आहेत त्यांच्या सूचीत हस्ताक्षर कोणाचे ही एक नोंद वाढवता येते. संपादित आवृत्तीत निर्मितीचे आणि प्रकाशनाचे साल वेगळे देता येते. मृत्यूनंतर दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या भागाची सीमा पानावरच दाखवता येते. यांपैकी काहीही नवे नाही, महानुभाव ग्रंथांचे संपादक ते करीत आले आहेत. 'एकच प्याला'तील पदे गाणाऱ्यांना, आणि त्या नाटकावर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही, ती गुर्जरांची आहेत हे आजही वेगळे सांगावे लागते.